तिसरा खाडा

आमचे थोरले दीर कानिफनाथ ट्रॅक्टरचे डायवर. तालुक्यात त्यांच्यासारखा डायवर न्हाई असं सांगनारे पन्नास भेटतील, त्यातले पंचवीस त्यांनीच चहा पाजून तयार केलेत. तरी खोटं कशाला बोलू, मानूस हुशार हाय. दहा वर्सं ह्याच काळ्या रानात ट्रॅक्टर घातला, एकदा रुतला न्हाई. पन ट्रॅक्टर कळतो म्हनून सगळंच कळतं असं नसतं, हे मला त्या दिवशी कळायला पायजे हुतं. माझी अक्कल कुठं शेन खायला गेल्ती, देव जाने.

मी सुकन्या. पाथर्डी तालुक्यात आमची वस्ती हाय, डांबरीपास्नं दीड किलोमीटर आत. सगळी वस्ती माझ्या तोंडाला भिती. एक फक्त आमचे मालक भीत न्हाईत. त्यांचं नाव कल्याण. कागदावर लिहायला लागतं म्हनून सांगितलं, एरवी मी कशाला नाव घेऊ.

दोन वर्सांमागं आमी कोल्हारकडं ऊस तोडायला गेल्तो. ट्रकवर मोळ्या रचताना हे वरनं पाठीवर पडले आन कमरेखालचं सगळं गेलं. पाय हायेत, पन असून नसल्यासारखे. डॉक्टर म्हनला, जीव वाचला हेच लई झालं. त्याचं काय जातंय म्हनायला!

मागच्या हंगामाला मी दिरा-जावंच्या संगं तोडीला गेले. न जाऊन सांगते कुनाला? पोरगी सहावीत, तिला संगं नेली, तिची शाळा बुडाली. ह्यांना सासूबाईंच्या हवाली केलं. सहा महिन्यांनी परत आले तर ह्यांच्या पाठीला तळहाताएवढी जखम, दाढी छातीपतुर, आन बोलनं बंद. खाटेखाली फवारनीच्या औषधाची बाटली. सासूबाईंना इचारलं, ही हितं कशी? त्या म्हनल्या, कल्याणनंच मागितली, माशा लई झाल्यात म्हनला. म्हातारीला काय कळनार! मी बाटली लांब नेऊन पुरली आन येऊन ह्यांना अशा शिव्या घातल्या, अशा घातल्या, की सहा महिन्यांत पहिल्यांदा ते हसले. मंग रडले. मंग मी बी रडले. त्या दिवशी ठरवलं, ह्या मानसाला पुन्हा सहा महिने एकटं सोडायचं न्हाई. पन ठरवून काय हुतंय? दसरा झाला की मुकादम दारात येतो, आन चूल काय ठरवल्यावर पेटत न्हाई.

ती चार चाकांची गाडी ह्यांनीच मोबाईलवर शोधली. भंडारदऱ्याकडं कुठल्या रिसॉर्टात पाहुन्यांना फिरवायला हुती. रिसॉर्ट बंद पडलं, गाडी विकायला काढली. बसायला मोटरसायकलवानी, पन चाकं चार, जाडजूड. अंगठ्यानं ॲक्सिलेटर, बोटांनी ब्रेक.

"पायाचं कामच न्हाई, सुकन्या," हे म्हनले. लई दिवसांनी त्यांच्या डोळ्यात काहीतरी हललं.

तोडीची बैलं दावनीला उभीच हुती. ती दिली आन गाडी आनली. वस्तीवरच्या बाया बघायला आल्या, एक म्हनली, जत्रेतलं खेळनं दिसतंय. मी म्हनले, व्हय, पाळन्यात बसायचे पैशे ठेव मंग.

गाडी आली तसं कामबी आलं. गावच्या दूध संकलन केंद्रात दूध तपासनारा सोडून गेल्ता. संस्थेचे चेअरमन आप्पासाहेब. हे बारावी सायन्स झालेले, ते त्यांना ठावं हुतं. त्यांनी बोलावून सांगितलं, "बसून करायचं काम हाय. फॅट लावायची, पानी कळायला डिग्री बघायची, नोंद करायची. पन सकाळी सहाला दार उघडलं पायजे. दूध थांबत न्हाई. पैला महिना बघू. महिन्यात तीन खाडे झाले की मंग मच्छिंद्रला बसवनार, आत्ताच सांगतो."

मच्छिंद्र म्हंजे आप्पासाहेबांच्या साडूचं पोरगं. कधीपास्नं त्या खुर्चीवर डोळा ठेवून हुता.

पैला आठवडा मी ह्यांच्या मागं बसून रोज गेले. गाडीवरनं खुर्चीत हे हातांवरच जायचे, ऊस तोडून दंड कसले हायेत म्हनून जमायचं. तरी मला भ्या वाटायचं. बसल्या बसल्या त्यांनी मला शिकवलं. दूध आधी ढवळायचं, मंग नमुना घ्यायचा, मशीनखाली धरायचा, आकडा आला की लिहायचा, नळी धुवायची. मी म्हनले, मला कशाला शिकवताय? तर म्हनले, तुला गप बसता येत न्हाई, म्हनून हाताला काम दिलं.

काय सांगू, तो मानूस पुन्हा मानूस झाला. पहाटं चारला उठून दाढी! शर्टाला इस्त्री! कुनी किटली ठेवत इचारायचं, "काय रं कल्याण, आज फॅट कमी कशी?" तर हे म्हनायचे, "म्हशीला इचार, मी नुसतं लिहितो." सगळी लाईन हसायची. घरी आले की पोरीला सांगायचे, कुनाच्या गाईनं किती दिलं, कोन पानी घालतो. दुसऱ्या आठवड्यापास्नं मला म्हनले, आता तू येऊ नको, माझं मी जातो. मी वस्तीच्या टोकाला उभी राहून बघायचे. लाल दिवा लांब लांब जायचा.

आन मंग भादव्यात पाऊस लागला. आमची माती म्हंजे काळी, चिवट. वली झाली की पाऊल उचललं तर किलोभर संगं येती, चप्पल तर तिथंच ऱ्हाती. रिसॉर्टवरचे टायर झिजून गुळगुळीत झाल्याले. जाग्यावर फिरायचे, चिखलाचा लाडू बांधायचे आन बसायचे. एक खाडा झाला. आठ दिवसांत दुसरा. दोन्ही बारीला थोरल्या दिरांनी ट्रॅक्टरनं वढून काढलं तवा हे साडेसातला पोचले, तवर आप्पासाहेबांनी सोता बसून दूध घेतल्यालं. दुसऱ्या दिवशी ते नुसतं म्हनले, "कल्याण, दोन झाले." मच्छिंद्र दाराला टेकून उभा हुता.

त्या रात्री हे जेवले न्हाईत. भिंतीकडं तोंड करून पडले. मला सगळं आठवलं, ती दाढी, ती जखम, ती खाट. सकाळी मी उठले आन पहिल्या यष्टीनं नगर गाठलं.

असल्या गाड्यांचे टायर ठेवनारं दुकान स्टेशन रोडला हाय म्हनून ह्यांनी मोबाईलवर बघून दिल्तं. मालक केदार नावाचा, चष्मेवाला, मास्तरासारखा बोलनारा. मी लुगड्यातली बाई असले टायर मागते म्हनल्यावर आधी त्यानं माझ्याकडं वरपास्नं खालपतुर बघितलं.

"कोणासाठी पाहिजेत, ताई?"

"मालकासाठी. टायर दाखवा, माझं तोंड काय बघताय?"

तो हसला. मानूस चांगला निघाला. मंग त्यानं डॉक्टरसारखं एकेक इचारलं. माती कसली? वाटेत दगड किती? चढ हाय का? काटे असतात का? चालवनाऱ्याचं वजन किती? मी सगळं सांगितलं. ह्यांचे पाय चालत न्हाईत, रुतली तर उतरून ढकलता येत न्हाई, तेबी सांगितलं. ऐकून तो उठला. आत जाऊन दोन टायर घेऊन आला आन माझ्या पुढ्यात ठेवले.

"हा बघा. नक्षी दाट आहे. दगडाला, डांबरीला छान. पण तुमच्या मातीत ह्या फटी भरून जातील, की झाला गुळगुळीत. हा दुसरा. ह्याचे दात उंच आहेत आणि लांब लांब आहेत. चाक फिरलं की मधला चिखल आपोआप गळून पडतो. डांबरीवर आवाज करेल, लवकर झिजेल, पण चिखलात हाच."

मी त्या दातांत हात घातला. माझी चार बोटं बसली. म्हनले, हाच द्या, चार.

"आणखी एक," बिल करताना तो म्हनला. "हवा फक्त पाच पाउंड. जास्त अजिबात नको. टायर थोडा बसलेला दिसला पाहिजे, म्हणजे तो जमिनीवर पसरतो आणि वर तरंगतो. ही गाडी हलकी आहे, म्हणून तर ती चिखलातून जाते. ट्रॅक्टरसारखं तिला वागवू नका."

मी हातावर पेनानं पाच लिहून घेतलं. हे ध्येनात ठेवा, मी लिहून घेतल्तं.

सांजच्याला कानिफनाथ भावजींनी टायर बसवले. हे खाटेवरनं बघत हुते, पोरासारखे खुश. टायर दिसायला बी काय ऐटदार! भावजींनी गाडीचं मागचं अंग एका हातानं उचलून बघितलं आन तोंड वाकडं केलं.

"हलकी हाय रं लई. टायर जमिनीत शिरनार कसा? वजन नसल तर दात काय कामाचे?"

"मंग?" हे म्हनले.

"मंग काय, पानी भरू."

आता हे सांगायला पायजे. आमच्याकडं ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात पानी भरत्यात. सगळेच भरत्यात. पाऊन टायर पानी, वर हवा. त्यानं ट्रॅक्टर जड हुतो, चाक जाग्यावर फिरत न्हाई, नांगर ओढतो. भावजींनी आयुष्यभर हेच केल्यालं.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. "दुकानदार काय म्हनला हुता गं?"

"पाच पाउंड हवा," मी म्हनले. "आन हलकी हाय म्हनूनच जाती म्हनला."

भावजी खदाखदा हसले. "पाच पाउंड? अगं सायकलीत तीस भरत्यात! त्या नगरच्या चष्मेवाल्यानं काळी माती बघितली तरी हाय का? कुंडीतली बघितली आसंल. सुकन्या, मी हितं दहा वर्सं काढली. एकदा रुतलो का? सांग, एकदा तरी?"

एकदाबी न्हाई. कुनालाबी न ऐकनारी मी, त्या दिवशी ऐकलं. भ्या वाटत हुतं ना! एकच खाडा उरल्याला. ज्याला ह्या मातीची नस ठावी हाय, तो घरातला मानूस सांगतोय, आन दुकानदार काय, टायर इकून मोकळा. हातावरचा आकडा भांडी घासताना निम्मा गेल्ता, उरलेला मी पदरानं पुसला.

भावजींनी फवारनीच्या पंपानं चारी टायरांत पानी घातलं. एकेकात पंचवीस लिटर तरी गेलं आसंल. वरनं हवा ठासून भरली. टायर दगडावानी टणक झाले. मंग हे बसले, मी त्यांचे पाय पट्ट्यानं पायरीला बांधले, आन त्यांनी गाडी शेजारच्या वलसर रानात घातली. काय गेली! माती कापत गेली. हे तिकडनं वरडले, "दादा, नांगर जोडतो का मागं?" सासूबाईंनी नारळ फोडला. त्या दिवशी ह्यांनी चार भाकरी खाल्ल्या. भावजी जेवून लगेच ट्रॅक्टर घेऊन शेवगावकडं गेले, तिकडं रोटाव्हेटरचं काम धरल्यालं.

आन रातभर पाऊस कोसळला.

पाचला आमी निघालो. मी म्हनले, आज मी येते. ते म्हनले, कशाला? मी म्हनले, गप बसा. पाऊस थांबल्याला, नुसती भुरभुर. पैला अर्धा किलोमीटर गाडी गेली, जरा जड गेली, पन गेली. पुढं लवन हाय, रस्ता खाली उतरतो आन ओढ्याच्या कडंकडंनं जातो. तिथं पानी साचून मातीचा नुसता लगदा झाल्याला. उतारावर हे ब्रेक दाबत हुते तरी गाडी थांबंना, आपल्या वजनानं खाली सरकत गेली आन लगद्यात घुसली. ह्यांनी अंगठा दाबला. चाकं फिरली. जितकी फिरली तितकी खाली गेली. बघता बघता गाडीचं पोट चिखलाला टेकलं.

"थांबा! दाबू नका!" मी वरडले.

मागनं ढकलली. खांदा लावला, पाठ लावली. इंचभर हलली न्हाई. बाभळीच्या फांद्या मोडून चाकाखाली घातल्या, त्या फांद्या बी गिळल्या. पुढनं हँडल धरून वढली, मीच आडवी झाले. भावजींना फोन लावला, ते शेवगावला, ट्रॅक्टर बी तिकडंच. वस्तीवर दुसरं कोन हाय? म्हाताऱ्या आन पोरं. मी त्या भावजीला, त्यांच्या ट्रॅक्टरला, पानी भरायची रीत काढनाऱ्याला, त्याच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या. मंग सोताला घातल्या. पाच पाउंड! मेल्या तोंडा, सगळ्या गावाशी भांडतंस, आन नेमकं तिथं गप बसलंस!

ह्यांनी मोबाईलात बघितलं. पाच पस्तीस.

"सुकन्या," ते म्हनले, "चावी घे. पळ."

"कुठं?"

"केंद्रावर. दार उघड. तुला सगळं येतंय. मी शिकवलंय."

"आन तुमाला हितं टाकून? ओढ्याच्या तोंडाला?"

"ओढ्याला घोटाभर पानी हाय. आन माझे पाय भिजले तर मला काय कळनार हाय?" ते हसायला गेले, जमलं न्हाई. मंग त्यांनी माझं मनगट धरलं, जोरात. "तिसरा खाडा पडू देऊ नको. सुकन्या, मी पुन्हा त्या खाटेवर न्हाई पडू शकत. ऐक माझं. पळ."

मी पळाले. चप्पल पहिल्या पावलालाच गेली. लुगडं गुडघ्याच्या वर खोचलं, बाई-बाप्या कोन बघतंय ह्याचं भान कुठलं! दोनदा पडले. मागं वळून बघितलं तर ते तसेच बसल्याले, त्या रिकाम्या रानात, छत्रीबी नसल्याले. पन पाय थांबवले न्हाईत.

सहाला दोन मिनिटं कमी असताना मी कुलपाला चावी लावली. लाईन लागल्याली. मच्छिंद्र पायरीवर बसल्याला, मला बघून उठला. आप्पासाहेब बी आल्याले, छत्री घेऊन.

"कल्याण कुठाय?"

"येतायत मागनं," मी म्हनले आन आत शिरले. हात-पाय धुतले, मशीन चालू केलं, वही उघडली. पैली किटली राहीबाईची. ढवळलं, नमुना घेतला, मशीनखाली धरला. आकडा आला. तिनंच सांगितलं, "बरोबर हाय गं, काल बी एवढीच हुती." मंग दुसरी, तिसरी. एकानं पानी घातल्यालं, मी तोंडावर सांगितलं. तो म्हनला, म्हशीनं जास्त पेलं आसंल. मी म्हनले, म्हशीला किटलीत तोंड घालून पिऊ देऊ नका. लाईन हसली. आप्पासाहेब पाठीमागं उभं राहून बघत हुते. टेम्पो सातला आला, दूध गेलं. एका थेंबाचा घोळ न्हाई.

मला वाटलं, जिंकले. चावी उचलली, म्हनले, "आप्पासाहेब, जाते. मालक लवनात रुतलेत, त्यांना काढायचंय. दोन मानसं द्या."

"देतो," ते म्हनले. "बस जरा." त्यांनी हजेरी पुढ्यात घेतली. "आज कल्याण आला न्हाई. तीन झाले."

"दार सहाला उघडलं की! दूध घेतलं की!"

"तू घेतलंस. त्यानं न्हाई. उद्या परत पाऊस ईल. परवा ईल. त्याला रोज चिखलातनं वढून आनायचं का तुमी? मला त्याचं वाईट वाटतंय, पन शंभर घरांचं दूध हाय, सुकन्या." त्यांनी पेनाचं टोपन काढलं. "दोन गोष्टी हायेत. त्याच्या नावापुढं खाडा मांडतो, उद्यापास्नं मच्छिंद्र बसंल. न्हाईतर आजची सही तुझ्या नावानं घेतो, आजपास्नं तू कामाला. तू चालत येतीस, तुला टायर लागत न्हाईत. काम बी त्याच्याएवढंच चांगलं करतीस. सांग."

मच्छिंद्र दारातच उभा हुता.

"ती खुर्ची त्यांची हाय," मी म्हनले. "आप्पासाहेब, पाया पडते. तो मानूस ह्या खुर्चीवर जगतोय. एक महिना द्या. पंधरा दिवस द्या."

"आधीच सांगितलं हुतं, तीन म्हंजे तीन. समद्यांसमोर सांगितलं हुतं. आता नियम तुझ्यासाठी मोडला, तर उद्या दुसऱ्यासाठी मोडावा लागंल. सांग, कुनाचं नाव लिहू?"

मी त्यांना दगडाच्या काळजाचा म्हनले, साडूच्या पोराचं भलं बघतोय म्हनले. ते ऐकून घेत हुते. राग सुदिक आला न्हाई त्यांना. राग आला असता तर बरं झालं असतं. मी तिथं उभी राहून हिशेब केला. न्हाई म्हनले तर मच्छिंद्र बसतो, दसऱ्यानंतर मुकादम, पोरगी पुन्हा फडात, हे पुन्हा खाटेवर, सहा महिने. व्हय म्हनले तर मी घरी ऱ्हाते, पोरगी शाळेत ऱ्हाती, घर चालतं. आन हे? ह्यांचं मी समजावीन. मी हाय ना जवळ. तसंबी ते त्या चिखलात रुतून बसल्याले, गाडी कामाची न्हाई, टायर कामाचे न्हाईत. उद्या बी रुतनार, परवा बी रुतनार. आप्पासाहेबांचं चुकतं कुठं?

मी सही केली. सुकन्या कल्याण, असं पुरं लिहिलं. आप्पासाहेबांनी शेजारी तारीख टाकली, शिक्का मारला आन ह्यांच्या नावावर आडवी रेघ वढली.

दोरखंड घेऊन दोन गडी माझ्या मागनं येत हुते. मी त्यांच्या पुढं पळत सुटले. काय सांगायचं, कसं सांगायचं, आधी काय बोलायचं, सगळं जुळवत हुते. डांबरीवरनं फाट्याला वळले आन समोरनं आवाज आला. फटफट, फटफट.

गाडी येत हुती. हे येत हुते!

मला आधी वळखूच आले न्हाईत. डोक्याच्या केसापास्नं पायापतुर नुसता चिखल, डोळे तेवढे पांढरे. टायर निम्मे दबल्याले, लुळे पडल्यावानी, आन त्यावर गाडी डुलत डुलत चिखलातनं वर आली न् डांबरीला लागली.

"सुकन्या!" ते लांबनंच वरडले. "बघ! बघितलंस का? सोता काढली! मी सोता!"

मी जाग्यावर थांबले. त्यांनी माझ्यापाशी गाडी उभी केली. धाप लागल्याली, तोंड भरून हसत हुते. तसं हसताना मी त्यांना ते पडायच्या आधी बघितलं हुतं.

"तू गेलीस आन मी ईचार केला, हे पानीच नडतंय. पट्टा सोडला, दिलं अंग खाली टाकून. सरपटत चारी टायरांपाशी गेलो, काडीनं पिन दाबून धरली, निम्मं पानी सोडलं, हवा बी गेली. पुन्हा वर चढायला चारदा पडलो, अगं! पाचव्या बारीला चढलो. अंगठा दाबला आन गाडी अशी उठली वर, अशी उठली, म्हशीवानी! एकदा बी थांबली न्हाई. टायर लई झकास आनलेस तू. आता घरी जाऊन उरलेलं पानी काढतो, नुसती हवा ठेवतो थोडी. आता कितीबी पाऊस पडू दे. ह्यापुढं खाडा न्हाई. एक बी न्हाई."

मागनं आल्याले गडी दोरखंड खांद्यावर टाकून बघत हुते. त्यातला एक म्हनला, "वा रं पठ्ठ्या!" आन दोघं परत फिरले.

हे माझ्याकडं वळले. हसनं जरा कमी झालं.

"खाडा मांडला का त्यांनी?"

"न्हाई," मी म्हनले.

ते खरंच हुतं. खाडा मांडला नव्हता.

त्यांनी डोळे मिटले आन छाती भरून श्वास सोडला. डोळ्याखालच्या चिखलातनं पानी वघळलं. मंग बाहीनं तोंड पुसायला गेले, बाहीला बी चिखलच, जास्तच भरलं. एरवी मी त्यावर दहा बोलले असते.

"बस मागं," ते म्हनले. "अशीच गाडी नेऊन आप्पासाहेबांना दाखवतो. म्हनतो, बघा, ह्या असल्या दिवशी बी आलो, सात वाजले तरी आलो. लई पळालीस आज. पाय बघ कसे फुटलेत. उद्यापास्नं तू निवांत झोप, माझं मी जातो."

मी मागं बसले, दोन्ही हातांनी त्यांची कंबर धरली. गाडी निघाली. डांबरीवर त्या टायरांचा लई मोठा आवाज हुतो, त्या आवाजावर ते काहीतरी सांगत हुते, हसत हुते. मी व्हय व्हय म्हनत हुते. वळन गेलं, केंद्राचा पत्रा दिसाय लागला, पायरीवर मच्छिंद्र आन आप्पासाहेब उभे दिसले, तरी मला सांगायला जमलं न्हाई.